पाहुणा लायनीवर आला की

बाई ऑफिसात येण्याआधी त्यांचे बूट ऐकू यायचे. जिन्यावरून धप्, धप्, धप्. लिफ्ट होती, पण बाई लिफ्ट वापरत नसत. बूट साधे नव्हते, कारखान्यात घालतात ते लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज होते. भोसरीच्या बाजारातून त्यांनी स्वतः पारखून आणलेले. अंगावर कॉटनची साडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात डबा आणि पायात ते बूट. पहिल्या दिवशी मी त्यांना बघितलं तेव्हा वाटलं, लिफ्टच्या दुरुस्तीसाठी कुणी इन्स्पेक्टर आल्या असाव्यात.

"चाकणला कधी बोलावणं येईल सांगता येतंय का?" असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. कारखान्याच्या गेटवर पाहुण्यांना जे बूट देतात त्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या अकाउंट्सच्या मुलीच्या लग्नात त्या कांजीवरम आणि तेच बूट घालून आल्या होत्या. नवऱ्या मुलाच्या आईनं त्यांच्या पायांकडे दोनदा पाहिलं. बाई म्हणाल्या, "पॉलिश करून आलेय."

त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे. "मॅडम म्हणलं की मला बँकेच्या काउंटरला उभी असल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणायच्या. म्हणून सगळे बाई म्हणायचे. एक आमचे मॅनेजर तेवढे मॅडम म्हणायचे, आणि बाई त्यांना साहेब म्हणून परतफेड करायच्या. बाई मूळच्या लातूरकडच्या. वडील कामासाठी पिंपरीला आले, बाई काळेवाडीत वाढल्या आणि आता चऱ्होलीला नव्या सोसायटीत राहत होत्या. इतक्या वर्षांत भाषा बरीचशी पुणेरी झाली होती, पण राग आला की लातूर वर यायचं.

आमची कंपनी चिंचवडमध्ये, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या इमारतीत. आम्ही कारखान्यांसाठी डेटाबेस बनवायचो. म्हणजे मशीनवर जे काही मोजलं जातं, ते पटापट साठवून ठेवायचं आणि मागितलं की परत द्यायचं. ह्या सगळ्याचा जो गाभा, तो बाईंनी कंपनी दोन खोल्यांची होती तेव्हा लिहिला होता. मी टेस्टर होतो. चुका शोधायच्या आणि ज्याच्या त्याच्याकडे नेऊन द्यायच्या, हे माझं काम. त्यामुळे माझा आणि बाईंचा संबंध रोजचा, आणि बहुतेक वेळा मी उभा आणि त्या बसलेल्या असा.

चूक घेऊन गेलं की कुणीही विचारतं, काय झालं? बाई विचारायच्या, "कुठं?"

"रिपोर्टमध्ये तारीख चुकीची येते, बाई."

"ते दिसलं कुठं ते झालं. झालं कुठं?"

ते मला माहीत नसायचं. मग बाई हेडफोन कानाला लावायच्या. मुलाखत संपली. परत जायचं, शोधायचं, पुन्हा यायचं. "चूक जिथं राहते, दुरुस्ती तिथं जाऊन करायची," हे त्यांचं ब्रीद होतं. ज्याची चूक त्याच्या दारात. मधल्या मधे ठिगळ लावणाऱ्या माणसाबद्दल त्या ज्या सुरात बोलायच्या, त्या सुरात लोक पाकीटमाराबद्दल बोलतात.

हे ब्रीद फक्त ऑफिसपुरतं नव्हतं. त्यांच्या सोसायटीत त्यांच्या न्हाणीघराचं छत गळत होतं. प्लंबर यायचा, छताला पांढरं सिमेंट फासायचा आणि जायचा. बाईंनी त्याला हाकललं. मग एका रविवारी त्या वरच्या तिन्ही मजल्यांवर गेल्या आणि प्रत्येक घरी रंग देऊन आल्या. चौथ्या मजल्यावर नीळ, पाचव्यावर हळद, सहाव्यावर रंगपंचमीचा उरलेला गुलाबी. प्रत्येकानं आपापल्या न्हाणीत बादलीभर रंगीत पाणी ओतायचं. जो रंग बाईंच्या छतातून ठिबकेल, गळती त्या मजल्याची. लोकांनी ओतलं, कारण बाई दारात उभ्या होत्या.

बाईंच्या छतातून काहीच रंग आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावर, सोसायटीच्या चेअरमनच्या दिवाणखान्यातली नवीन रंगवलेली भिंत गुलाबी झाली. चेअरमन मोबाइलवर भिंतीचा फोटो घेऊनच वर आले.

"अहो, ही माझी भिंत बघा."

"बघितली," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडं ओल येत होती, तुम्हाला कळलंही नव्हतं. आता ठिकाण कळलं. सहावा मजला."

चेअरमनला यात समाधान मानण्यासारखं काही दिसलं नाही. बाईंचं छत पुढेही गळत राहिलं. त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणायच्या, "ते ठिकाण वेगळं आहे. शोधणं चालू आहे."

अशा ह्या बाईंच्या हाताखाली एक नवीन मुलगी आली. दिघीची, वडील शाळेच्या बसवर ड्रायव्हर. हिनं इंजिनिअरिंगबरोबर जर्मन भाषेचा क्लास केला होता आणि त्याच जोरावर तिला आमच्याकडे नोकरी लागली होती. चाकणच्या एका कारखान्याचे मालक जर्मन, तिथून अधूनमधून साहेब यायचे, आणि त्यांना त्यांच्या भाषेत रिपोर्ट पाहिजे होते. ते काम हिच्याकडे. नोकरी अजून कच्ची होती, सहा महिन्यांनी पक्की होणार होती. बाई तिला नावानं हाक मारत नसत. "ए जर्मन, इकडं ये," एवढंच. मुलगी बाईंना इतकी भ्यायची की त्यांच्या बुटांचा आवाज आला की पाण्याची बाटली भरायला निघून जायची.

तिचे रिपोर्ट सुरू झाले आणि काही दिवसांत त्या कारखान्यातून फोन आला. चांगले शाफ्ट बाद होत होते. शाफ्ट म्हणजे गाडीच्या आतला लोखंडी दांडा. मशीन त्याची जाडी मोजतं, आकडा आमच्या डेटाबेसमध्ये जातो, आकडा बरोबर असेल तर शाफ्ट पुढे, नसेल तर लाल दिवा आणि लाईन बंद. आता मधूनच एखादा शाफ्ट बाद व्हायचा, आणि हातानं मोजून पाहिलं तर तो उत्तम निघायचा. रोज नाही, सतत नाही. एकदम दोन-तीन, मग दिवसभर काही नाही. कारखान्यानं सांगितलं, पुढच्या महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर आम्ही दुसरं सॉफ्टवेअर बघतो. तो आमचा सगळ्यात मोठा ग्राहक होता.

बाई, मॅनेजर आणि मी चाकणला गेलो. गेटवर मॅनेजरना बूट दिले ते दोन्ही डाव्या पायाचे. बाई फक्त त्यांच्या पुढून जरा जास्त जोरात पाय आपटत आत गेल्या.

कारखान्यातले क्वालिटीचे साहेब खेडजवळच्या गावचे, पिढीजात तिथलेच. त्यांनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, मी शिकलेला मानूस हाय. ह्या असल्या गोष्टी मानत न्हाई. पर त्यो उंच जर्मन साहेब लायनीवर आला, की पार्ट बाद व्हतो. ह्ये मी सवता बघितलंय."

मॅनेजर हसले. बाई हसल्या नाहीत. "मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? आमी त्याला लायनीवर येऊच देत न्हाई. आला की कँटीनला नेतो. भजी देतो, चहा देतो, आमचा गणपतीचा व्हिडिओ दाखवतो. मानूस ग्वाड हाय, पर पायगुण वंगाळ."

"आणि त्याला लांब ठेवल्यापासून पार्ट बाद होणं कमी झालं?"

"लई कमी झालं. पर बंद न्हाई झालं."

परतीच्या वाटेवर तळवड्याच्या चौकात गाडी अडकली होती. मॅनेजर त्या माणसाच्या अंधश्रद्धेबद्दल बोलत होते. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो बरोबर सांगायलाय. लाइनवर आला की तो साहेब काय करतो?"

"बघतो," मॅनेजर म्हणाले.

"टॅबलेट काढतो आणि रिपोर्ट उघडतो. कधीमधी कँटीनलाही उघडत असेल," बाई म्हणाल्या. "जर्मनमध्ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि खेळ मांडला. मला आणि आणखी एका मुलाला त्यांनी आकडे मोठ्यानं वाचायला लावले. चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव, चोवीस पॉइंट सत्त्याण्णव, असे. जर्मन रिपोर्टवाल्या मुलीला मधे उभं केलं. नियम असा, की ती "आता जर्मन" म्हणाली की खोलीतल्या सगळ्यांनी पॉइंटऐवजी स्वल्पविराम म्हणायचं, आणि ती "झालं" म्हणाली की परत पॉइंट.

"चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव," मी म्हणालो.

"आता जर्मन," ती पुटपुटली.

"चोवीस स्वल्पविराम सत्त्याण्णव," दुसरा म्हणाला.

"तुला जर्मन रिपोर्ट पाहिजे होता का?" बाईंनी त्याला विचारलं.

"नाही."

"मग तू का जर्मन झालास?"

"तुम्हीच सांगितलं, बाई."

"तेच झालंय," बाई म्हणाल्या. आमचा प्रोग्राम एका वेळी अनेक कामं करतो. एका धाग्यावर शाफ्टचे आकडे लिहिणं, दुसऱ्यावर रिपोर्ट काढणं. पण देशाच्या रीतीची खूण, म्हणजे दशांशाला टिंब द्यायचं की स्वल्पविराम, ही सगळ्या धाग्यांत मिळून एकच. जर्मन लोक स्वल्पविराम देतात. रिपोर्टच्या धाग्यानं क्षणभर जर्मन रीत लावली की अख्खा प्रोग्राम क्षणभर जर्मन होतो. त्याच क्षणी कुणी शाफ्टची जाडी लिहीत असेल, तर चोवीसनंतर स्वल्पविराम पडतो. पुढे वाचणाऱ्याला स्वल्पविराम कळत नाही, तो चोवीसलाच थांबतो. चोवीस मिलिमीटरचा शाफ्ट बाद. एचआरच्या बाई काचेतून आत बघत होत्या. आम्ही ओरडून ओरडून आकडे का म्हणतोय, ते त्यांना कळेना.

चूक सापडली. आता दुरुस्ती कुठं करायची, यावर भांडण सुरू झालं.

क्वालिटीच्या साहेबांचं म्हणणं फोनवर आलं, की जर्मन साहेबाला इंग्रजी रिपोर्ट द्या, विषय संपवा. दुसरा मार्ग रिपोर्टमध्ये दुरुस्ती करायची. त्या मुलीनं सगळ्यांची रीत बदलायची नाही, स्वतःच्या कागदावर स्वतःच टिंबाचा स्वल्पविराम करायचा. दोन-तीन दिवसांचं काम. तिसरा मार्ग गाभ्यातला. गाभ्यानं आकडा लिहिता-वाचताना ती सामाईक रीत बघायचीच नाही, नेहमी टिंब, जगात काहीही चालो. म्हणजे बाईंचा सगळ्यात जुना कोड उघडायचा, जिथे जिथे आकडा आहे तिथे हात घालायचा, आणि मग सगळ्या कारखान्यांत पुन्हा तपासणी.

मी चाचरत म्हणालो, "बाई, तिसरं जास्त पक्कं वाटतं."

"चूक कुठं राहते?" बाईंनी मला विचारलं.

"रिपोर्टमध्ये."

"मग माझ्या घरात कशाला शिरायलास?" लातूर वर आलं होतं. मॅनेजरना दोन दिवसांचं काम आवडलंच होतं. मुलीनं मान खाली घालून दुरुस्ती केली, आणि चांगली केली. बाईंनी ती तपासली आणि "हं" म्हणाल्या. बाईंचा "हं" म्हणजे इतरांच्या सत्काराएवढा.

कारखान्यात आठवडा शांत गेला. जर्मन साहेब जर्मनीला परत गेला होता, त्यामुळे क्वालिटीचे साहेब दुप्पट निर्धास्त होते. आणि मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, परत चोवीस आला. आन् ह्या टायमाला तर साहेब त्याच्या गावाला हाय. तितून बी नडतोय का काय?"

ह्या वेळी ठिकाण मला सापडलं, आणि ते बाईंना सांगायला जाण्याआधी मी तीनदा तपासून पाहिलं. लाईनवर लेबल छापायचा नवीन प्रिंटर बसवला होता. इटलीचा. त्याच्या कंपनीनं दिलेला एक तुकडा आमच्याच प्रोग्रामच्या आत बसून चालायचा, आणि लेबल छापताना तोही सगळ्यांची रीत बदलायचा. इटलीतही स्वल्पविराम. तो तुकडा आमचा नव्हता. उघडता येत नव्हता, बदलता येत नव्हता.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. ह्या वेळी त्यांनी हेडफोन लावला नाही. उठल्या आणि बाहेर गेल्या. मग आम्हाला वरून ऐकू येत राहिलं. गच्चीवर धप्, धप्, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मॅनेजर दोनदा छताकडे बघून गेले. त्यांनी तोवर प्रिंटरवाल्यांना पाठवायचं पत्र तयार केलं होतं.

बाई खाली आल्या तेव्हा चेहरा उन्हानं लाल झाला होता. त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी खुर्चीत बसलेलो आणि त्या उभ्या, असं प्रथमच घडत होतं.

"तू म्हणलास ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आज हा प्रिंटर आलाय. उद्या आणखी कुणी येईल. मी कुणाकुणाच्या दारात जाऊ? दार माझं उघडं आहे. दुरुस्ती माझ्याकडं."

मॅनेजर मागून म्हणाले, "पण मॅडम, तीन आठवडे जातील. प्रिंटरवाल्यांची चूक आहे, त्यांना करू दे ना."

"त्यांची चूक नाही साहेब. ते नियमानं वागलेत. ही पोरगीही नियमानंच वागली होती, पुस्तकात देतात तसं. नियमानं वागणाऱ्या माणसानं माझी भिंत पडत असेल, तर भिंत कच्ची आहे."

मॅनेजर जरा घुटमळले. मग म्हणाले, की कारखान्याला खुलासा कालच पाठवायचा होता, आणि त्यात त्यांनी रिपोर्टच्या नवीन डेव्हलपरच्या निष्काळजीपणामुळे असं लिहून ठेवलं आहे. मुलगी दोन टेबलं सोडून बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा कीबोर्ड थांबला. तिची नोकरी पक्की व्हायला महिना राहिला होता.

"ते काढा," बाई म्हणाल्या.

"मग काय लिहू? कुणाचं तरी लिहावं लागेल."

"माझं लिहा. डेटाबेसच्या मूळ कोडातली चूक, आणि माझं नाव."

"मॅडम, हे वरपर्यंत जाईल. नवीन प्रॉडक्टचं तुमच्याकडे द्यायचं ठरत होतं..."

"कोड कोण लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

मॅनेजरनी लिहिलं. नवीन प्रॉडक्ट पुढे दुसऱ्या कुणाकडे गेलं. बाई त्याबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. मी एकदा विषय काढला तेव्हा त्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तिखट आहे, बेतानं खा."

पुढचे तीन आठवडे बाईंनी त्या मुलीला शेजारी बसवून घेतलं. कारण सांगितलं, की स्वल्पविरामाचं जिला कळतं तिलाच कळतं. बाई लिहायच्या, ती वाचायची. पहिले काही दिवस ती फक्त "हो बाई" म्हणत होती. नंतर एक दिवस मी तिला स्पष्ट म्हणताना ऐकलं, "नाही बाई, इथे राहिलंय." सगळं ऑफिस थांबलं. बाईंनी स्क्रीनला नाक लावलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "हं."

मी बाईंचा कोड इतका कधी छळला नव्हता. आकडे लिहिले जात असताना मी जर्मन रीत लावायचो, इटालियन लावायचो, मधेच सगळी उलटीपालटी करायचो. टिंब हललं नाही.

महिनाअखेरीला तो उंच जर्मन साहेब परत चाकणला आला आणि आम्ही तिघं, म्हणजे बाई, मुलगी आणि मी, तिथे पोचलो. क्वालिटीचे साहेब त्याला घेऊन कँटीनकडे निघालेच होते.

"त्यांना लाइनवर आणा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, उगा कशाला? सगळं ब्येस चाललंय."

"आणा."

माणूस खरोखरच उंच होता. बऱ्याच दिवसांनी लाईन बघायला मिळत असल्यामुळे तो लहान मुलासारखा खूश होता. लायनीवरची पोरं कामं करता करता तिरक्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती. त्यानं टॅबलेट काढला. क्वालिटीच्या साहेबांनी डोळे मिटले. त्यानं रिपोर्ट उघडला, जर्मनमध्ये. तेवढ्यात प्रिंटरनं लेबल छापलं. शाफ्ट आला. चोवीस पॉइंट अठ्ठ्याण्णव. हिरवा दिवा. पुढचा आला, हिरवा. त्याच्या पुढचाही. बाई कमरेवर हात ठेवून मशीनच्या पडद्याकडे बघत होत्या. मुलीनं माझी बाही घट्ट धरली होती, ते तिच्या लक्षातही नव्हतं.

दहा-बारा शाफ्ट गेल्यावर जर्मन साहेबानं टॅबलेट बाईंपुढे धरला, मग मशीनच्या पडद्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतात, माझ्याकडे स्वल्पविराम दिसतो आणि मशीनवर टिंब. ही चूक आहे का?"

बाई प्रथमच हसल्या. तीन आठवड्यांत नव्हे, मी बघितल्यापासून बहुधा प्रथमच एवढ्या मोकळ्या.

"त्याला सांग, चूक नाही. तुझ्या घरी तुझी रीत, आमच्या घरी आमची. कुणी कुणाला नडायचं नाही."

मुलीनं डोळे मिटून शब्द जुळवले आणि सांगितलं. साहेबाचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला. त्यानं छातीवर हात ठेवला, बाईंपुढे वाकला आणि आनंदानं बरंच बोलला. मुलगी लाल झाली.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्या जर्मनमध्ये थोडी गडबड झाली वाटतं. ते आभार मानताहेत. विचारताहेत, कधी येऊ?"

"कुठं?"

"तुमच्या घरी."

बाईंनी त्या माणसाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. तो हसतमुखानं उत्तराची वाट बघत उभा होता.

"रविवारी ये म्हणावं," बाई म्हणाल्या. "पण मला पोळ्या येत नाहीत. ज्वारीची भाकरी खात असशील तरच ये, असं नीट सांग त्याला. आणि तूही ये, नाहीतर तो काय म्हणतोय ते मला कसं कळायचं."